फळ्यावर बातम्या लिहिणाऱ्या पत्रकारावर माहितीपट: सुरुवात कुठून करायची आणि घरच्यांना नको असलेल्या भागाचं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. पंचगंगेकाठच्या एका गावात ८१ वर्षांचे एक पत्रकार आहेत, गाव त्यांना नाना म्हणतं. ३५ वर्षं त्यांनी रोज सकाळी चौकातल्या फळ्यावर खडूनं बातम्या लिहिल्या. जोडीला चार पानांचं साप्ताहिक काढलं, तेही कुठल्या पक्षाची किंवा कारखान्याची जाहिरात न घेता. प्रश्न विचारणाऱ्या ताई त्यांच्या भावकीतल्या, शिकायला कोल्हापुरात. मोबाईलवर ११ तासांची मुलाखत झालेली आहे, घरात अंकांनी भरलेली ट्रंक आहे, हाताशी ६० हजार रुपये आहेत आणि फिल्म अर्ध्या तासाची करायची आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. जन्मापासून सुरुवात करू का? दाखवायला कागदाशिवाय काहीच नाही, त्याचं काय करू? आणि नानांवरचा अब्रुनुकसानीचा खटला आणि त्यांनी छापलेली माफी नानांच्या मुलाला फिल्ममध्ये नको आहे, तर तो भाग ठेवू की काढू?

मी २२ वर्षं कोल्हापुरात माहितीपटांचं एडिटिंग करतोय, काही स्वतः दिग्दर्शितही केलेत. लक्ष्मीपुरीत लग्नाच्या कॅसेटी जुळवण्यापासून सुरुवात झाली. माणसांवरच्या बऱ्याच फिल्म हाताखालून गेल्या, त्यात पत्रकारांवरच्या फिल्म सगळ्यात जास्त फसलेल्या पाहिल्या. कारण बहुतेक वेळा एकच असतं आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशीही मला तेच दिसतं. नानांवर तुमचा जीव आहे, ते चांगलंच आहे. पण ११ तासांत नाना जे बोलले ते सगळं तुम्ही खरं धरून चालला आहात. त्यातलं काय काय तुम्ही दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेतलंत, ह्याबद्दल तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात एक ओळ नाही.

हे मी का म्हणतो ते सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या ज्येष्ठ संपादकांवर मी ४० मिनिटांची फिल्म केली. रेशनच्या धान्याचा काळाबाजार उघड केला, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी बातमी. गोदामाबाहेर रात्रभर झुडपात बसून ट्रकचे नंबर टिपले, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी तो प्रसंग जसाच्या तसा ठेवला, वर अंधाऱ्या रस्त्याची दृश्यं आणि बासरी टाकली. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात फिल्म दाखवली. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "झुडपात मी हुतो. ह्येनी छापलं, त्ये खरं हाय. पर झुडपात मी हुतो."

ते त्या संपादकांच्या छापखान्यातले कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी लग्नाच्या फोटोमागून घडी घातलेला एक कागद काढला. पेन्सिलनं लिहिलेले चार ट्रकचे नंबर, पुढं वेळ. संपादक मुद्दाम खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. तीस वर्षं ती गोष्ट सांगता सांगता ती रात्र त्यांचीच होऊन गेली होती. चूक माझी होती, कारण छापखान्यात अजून कोण कोण होतं हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. फिल्म पुन्हा जुळवली, कंपोझिटरना घेतलं, तो पेन्सिलचा कागद घेतला. संपादक वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून पत्रकारावरच्या फिल्मला मी एक नियम लावतो: त्या माणसानं बातमी जशी तपासली असती, तशी त्याची प्रत्येक आठवण तपासायची. नाना खरे पत्रकार असतील तर त्यांना ह्याचा राग येणार नाही. आलाच तर तोही कॅमेऱ्यात येऊ द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. जन्मापासून सुरू करू नका. जन्म, शाळा, नोकरी, पुरस्कार ही रांग गौरव अंकात शोभते, पडद्यावर नाही. आणखी एक मोह असतो, तोही टाळा. माझ्याकडं येणाऱ्या कच्च्या जुळणीत बहुतेक वेळा सुरुवातीला 'दर्पण' असतो, ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर. कोल्हापूरची फिल्म असेल तर लगेच ३१ जानेवारी १९२० चा डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' आणि त्यासाठी शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये. हे सगळं खरं आहे, अभिमानाचं आहे. पण अर्ध्या तासातली पाच मिनिटं गेलेली असतात आणि नाना अजून आलेलेच नसतात. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे वृत्तपत्र खेड्यात राहून चालवलं. नाना त्याच वाटेवरचे, हे तुम्हाला दिसतंय तसं मलाही दिसतं. पण ते नाव नानांच्या तोंडून आलं, कुणाचा अंक वाचून आपल्याला हे करावंसं वाटलं हे ते सांगत असतील, तरच ठेवा. निवेदकाच्या आवाजात नको.

मग सुरुवात कुठून? ट्रंकेतून तीन बातम्या निवडा, फक्त तीन. निवडताना बातमी किती गाजली हे बघू नका. ती जागा आज आहे का, त्या बातमीचा फायदा किंवा तोटा झालेला माणूस हयात आहे का आणि ती कागदावर पडताळता येते का, हे बघा. तुम्ही उसाच्या काट्याची बातमी लिहिली आहे: कारखान्यात गाडी नेण्याआधी बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून घ्या, असं नानांनी फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर दोन्ही वजनं शेजारी शेजारी मांडली. माझ्या मते तुमची फिल्म तिथं आहे. त्या आठवड्यात गाडी घेऊन गेलेला एक तरी शेतकरी शोधा. वजनाची पावती कुणाच्या घरात निघते का बघा. आपल्याकडं माणसं असली पावती देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवतात.

मग अंक नानांच्या हातात द्या आणि तीनच प्रश्न विचारा. ही बातमी तुम्हाला कुणी सांगितली? छापायच्या आधी काय तपासलं? छापल्यावर दारात कोण आलं? 'तुमच्या जीवनप्रवासाबद्दल सांगा' म्हटलं की माणूस भाषण करतो, तुमच्या ११ तासांत भाषण बरंच असणार. हातात जुना अंक आला की बोटं आपोआप ओळीवर फिरायला लागतात, चष्मा वर जातो, आणि माणूस तिथल्या तिथं आठवायला लागतो. ते आठवणं शूट करा.

दुसरा प्रश्न, पडद्यावर दाखवायचं काय. कागदाचे फोटो काढून त्यावर कॅमेरा हळूहळू सरकवणं हा सोपा मार्ग आहे. दोन मिनिटांत प्रेक्षक कंटाळतो. त्यापेक्षा बातमी वाचून घ्या. ज्यांच्याबद्दल होती त्यांच्याकडून, ज्या जागेबद्दल होती त्या जागी उभं राहून. काट्याची बातमी शेतकऱ्यानं काट्यावरच वाचावी, अडखळत का होईना. आपल्या भागाच्या बोलीत वाचलेलं छापील मराठी ऐकताना मला दर वेळी जाणवतं की ह्या माणसांसाठी कुणीतरी लिहीत होतं.

साप्ताहिक खिळ्यांवर, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापलं जायचं, असं तुम्ही म्हणता. ते मशीन भंगारात गेलं असलं तरी कोल्हापुरात तसली जुनी छपाईची ट्रेडल मशिनं काही ठिकाणी अजून चालतात, पावती पुस्तकांचं नंबरिंग, क्रीजिंग (घडीची रेघ पाडणं) असल्या कामांसाठी. एखाद्या छापखान्यात परवानगी काढून अर्धा दिवस बसा. चित्र तर मिळेलच, पण आवाज मुख्य. त्या आवाजावर नानांच्या आयुष्यातली वीस वर्षं गेली आहेत.

आता फळा. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या फिल्मचा गाभा मला तिथंच दिसतो. आपल्या कोल्हापुरात तालमींच्या दारातले फलक लोक उभं राहून वाचतात, ही सवय गावोगावी आहे. नानांनी त्या सवयीचं वर्तमानपत्र केलं. पण फळा रोज पुसला जातो. ३५ वर्षांत त्याचे फक्त दोनच फोटो निघाले म्हणता. अशा वेळी तरुण नट घेऊन, धोतर नेसवून जुना प्रसंग उभा करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. देऊ दे. तुमच्याकडं खरे नाना आहेत. हात थरथरतो म्हणून ते नको म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. तरी त्यांना एकदा फळ्यापुढं उभं करा, आणि जुनी बातमी लिहायला सांगू नका. आजची लिहायला सांगा.

ह्यामागचं कारण असं. जुनी बातमी लिहिताना ते नाटक करतील, तेही तुमच्या प्रेमाखातर. आजची लिहायची म्हटलं की त्यांना आदल्या दिवशी गावात काय झालं ते शोधावं लागेल, कुणाला तरी फोन करावा लागेल, 'नक्की का?' विचारावं लागेल, चार बातम्यांतली कुठली वर घ्यायची ते ठरवावं लागेल. म्हणजे पत्रकार काम करताना दिसेल. एका गावात मी असं केलं तेव्हा त्या गृहस्थांनी पाण्याच्या टाकीच्या एका आकड्यासाठी ग्रामसेवकांची पाऊण तास वाट पाहिली. तोवर फळा कोराच होता, फक्त तारीख लिहिलेली. ती तारखेखालची मोकळी जागा मी फिल्ममध्ये २० सेकंद ठेवली.

शूट करताना मोबाईलचं एक्सपोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं ते, खडूच्या अक्षरांवर लॉक करा. मोबाईलला मोकळं सोडलं की काळ्या फळ्याला बघून तो चित्र उजळ करतो, फळा राखाडी दिसतो आणि अक्षरं जळतात. सकाळी ऊन चढायच्या आत करा. छोटा माईक फळ्याच्या चौकटीला लावा, खडू घासल्याचा आणि ओल्या फडक्याचा आवाज जवळून मिळाला पाहिजे. शेवटी त्यांच्या तळहाताचा एक शॉट घ्या, खडूची पूड रेषांत बसलेली असते. अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ द्या, पुन्हा लिहायला लावू नका.

फळ्यासमोर उभं राहून वाचणाऱ्यांच्या मागं कॅमेरा ठेवा आणि गप्प राहा. लोक आपसात काय बोलतात ते तुमच्या मुलाखतींपेक्षा मोलाचं निघेल.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. इथं मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण बरंचसं नाना आणि त्यांच्या मुलाच्या नात्यावर अवलंबून आहे आणि ते मला माहीत नाही. तरी कसा विचार करायचा ते सांगतो. खटला कोर्टात चालला, माफी नानांनी स्वतःच्या अंकात पहिल्या पानावर छापली. दोन्ही गोष्टी आधीच गावासमोर आहेत, तुम्ही नवीन काही उघडं करत नाही. आणि चुकीची बातमी छापल्यावर पहिल्या पानावर माफी मागणारा संपादक माझ्या नजरेत लहान होत नाही. ती माफी वगळली तर काट्याच्या बातमीची किंमतही कमी होते, कारण प्रेक्षकाला वाटतं की हा माणूस कधी चुकलाच नाही, आणि तसा माणूस कुणाला खरा वाटत नाही.

पण आधी मुलाबरोबर बसा, कॅमेऱ्याशिवाय. त्यांना नेमकं काय नकोय ते विचारा. माझ्या अनुभवात घरच्यांना खटल्याची भीती नसते. त्या काळात घरात जे झालं, उसनवारी, कुणाशी तुटलेले संबंध, ते पुन्हा चव्हाट्यावर यायची भीती असते. मग तुम्ही दोन भाग करू शकता: खटला आणि माफी फिल्ममध्ये, घरातलं घरात. नाना स्वतः नको म्हणाले तर मात्र मी थांबेन. त्यांना वेळ देईन, आणि तरीही नकोच म्हणाले तर ही फिल्म फक्त फळ्यावर करेन, 'जीवनपट' म्हणून नाही. ठेवायचं ठरलं तर आठवणीवर विसंबू नका. कोर्टात अर्ज करून निकालाची नक्कल काढा. त्या वेळी दैनिकांत काय आलं ते करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात शोधा. ट्रंकेत नसलेले अंक कदाचित मोठ्या ग्रंथालयांत मिळतील. १९५४ च्या कायद्याप्रमाणे अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही जायला हवेत. छोटी साप्ताहिकं नेहमी पाठवायचीच असं नाही, पण विचारून बघायला हरकत नाही.

समोरच्या पक्षाचं नाव घेताना जपा. अब्रुनुकसानीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे आणि त्यात मृत व्यक्तीबद्दल तिच्या घरच्यांना दुखवण्याच्या हेतूनं केलेलं विधानही येऊ शकतं. निकालात जे लिहिलंय तेवढंच बोला आणि हा भाग एकदा वकिलाला दाखवा.

एक माणूस तुमच्या यादीत मला दिसला नाही: नानी. साप्ताहिकाला जाहिरात नव्हती, मग घर कशावर चाललं? तुम्हीच एका वाक्यात लिहिलंय, नानींनी चार म्हशी सांभाळल्या. म्हणजे ते साप्ताहिक दुधावर चाललं. नानींना खुर्चीत बसवून मुलाखत घेऊ नका, धार काढताना गोठ्यात बोला. कागदाची उधारी कुणाकडं होती, वर्गणी किती जणांनी बुडवली, हे नानांपेक्षा त्यांना पक्कं आठवत असेल. वर्गणीदारांची वही ट्रंकेत असेल तर ती नानींसमोर उघडा.

फिल्म पुरी व्हायच्या आधी नाना-नानींना दाखवायची का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मी दाखवतो. 'खबर लहरिया' ह्या वृत्तसंस्थेच्या ग्रामीण महिला पत्रकारांवरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या पत्रकारांनी जाहीर निवेदन काढलं की आमचं काम एकाच पक्षाभोवती फिरतं असं चित्र उभं राहिलंय, ते अपुरं आहे. कोण किती बरोबर ह्यात मी पडत नाही. ज्या माणसांचं आयुष्य शब्द तोलण्यात गेलं, त्यांना स्वतःबद्दलचा तोल गेलेला लगेच कळतो, एवढं मी त्यातून घेतलं. म्हणून नानांना दाखवताना आधीच सांगा: तथ्याची चूक असेल तर मी दुरुस्त करीन, काय ठेवायचं ते मी ठरवीन. हे संमतीपत्रातच मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

हक्कांचं थोडक्यात. नाना सुरुवातीला एका दैनिकात नोकरीला होते, तेव्हाचे लेख वापरता येतील का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी हक्क लेखकाचा. तेव्हा नानांची लेखी परवानगी महत्त्वाची, नेमणुकीचं पत्र असेल तर तेही वाचा. साप्ताहिकात बाहेरच्यांनी लिहिलेले लेख त्या त्या लेखकाचे. फोटोवर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, म्हणून तुमचे दोन्ही फोटो कुणी काढले ते शोधा. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, नाट्यगृहात जाहीर खेळ लावायचा तर लागतं.

पैशांबद्दल माझा सल्ला साधा आहे. नवा कॅमेरा घेऊ नका. चांगला कॉलर माईक, एक रेकॉर्डर आणि दोन हार्ड डिस्क घ्या, उरलेलं प्रवासाला आणि आवाजाच्या मिक्सिंगला ठेवा. मोबाईलचं फुटेज एडिटला घेण्याआधी एकसारख्या फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांवर, बदलून घ्या, नाहीतर वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लांब मुलाखतीत ओठांपासून सरकत जातो. ११ तासांचं बोलणं शब्दशः उतरवा आणि नानांची बोली पुस्तकी करू नका. 'गेलतो' ला 'गेलो होतो' लिहिलंत की कापताना श्वास कुठं आहे ते सापडत नाही. ट्रंकेत ऑडिओ कॅसेटी असतील आणि रिळावर पांढरी बुरशी दिसली तर एकदाही वाजवून बघू नका, आधी साफ करून घ्या.

शूटिंगचा क्रम असा ठेवा: आधी नानी आणि काट्याचा शेतकरी, मग छापखाना, मग फळा, आणि सगळ्यात शेवटी नानांची दुसरी मुलाखत, अंक हातात देऊन. तोवर तुम्हाला नानांच्या आठवणींपेक्षा चार गोष्टी जास्त माहीत असतील आणि प्रश्न आपोआप बदललेले असतील.

हे सगळं व्हायच्या आधी एक काम ह्याच आठवड्यात करा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुरात एका घरातली ४० वर्षांची कात्रणं लगदा झालेली मी हातानं उचलली आहेत. वृत्तपत्राचा कागद भिजला की एकमेकाला चिकटतो, वाळवल्यावर पान सुटत नाही, अक्षरासकट तुटतं. तुमची ट्रंक माजघरात जमिनीवर आहे असं लिहिलंय. प्रत्येक पानाचा सरळ वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढा, पहिल्या अंकापासून. आणि पावसाळा लागायच्या आत ट्रंक माडीवर न्या.